सेटपासून शॅबीपर्यंत

‘तुमचं उदाहरणाचं एक कार्ड घेतलं बरं का,’ खोडरबर म्हणाला. ‘आणि एक अक्षरही खोडलं नाही.’

त्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकीच होतं. आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत सात माणसं आहेत आणि उरलेल्या सहांच्या वाक्यांवर लाल रेघ ओढणं हा या गृहस्थाचा दिनक्रम. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे दिसत नाही. मी हसून ‘कुठलं हो?’ असं विचारलं आणि चहाचा कप उचलला. ‘शॅबीचं,’ तो म्हणाला. ‘माळ्यावर भरतीच्या चाचणीच्या खोक्यात सापडलं. पहिल्या अर्थाला काही केल्या धड उदाहरण मिळेना. सगळे आपले जुने पडदे आणि जुन्या खुर्च्या. तुमचं वाचलं आणि म्हटलं, वा! भाऊ, कोट, कॅमेरा. एका वाक्यात अख्खा माणूस उभा.’ कप ओठांपर्यंत आला होता तो तिथेच थांबला. घोट घ्यावा की खाली ठेवावा, एवढं साधं ठरेना. एकोणीस वर्षांत त्या कार्डाची मला एकदाही आठवण झाली नाही असं म्हणायला मला आवडेल, पण ते खोटं आहे. आठवण होती. फक्त ते खोकं माळ्यावर गेलंय, त्यावर बोटभर धूळ बसलीय, ते कोणी उघडायला जात नाही, एवढ्या भरवशावर मी निवांत होते. ‘ती पानं कुठे आहेत?’ मी विचारलं. ‘परवा सोमवारीच गेली की वाचकांकडे तपासायला,’ तो म्हणाला. ‘तुमच्या बंधूंकडेच गेलीत. सेन्स ते शार्प, साठ पानं.’ आणि कोणाचं तरी भलं केल्याच्या समाधानात तो आपल्या टेबलाकडे वळला.

तपासणीसाठी छापून आलेल्या पानांची दुसरी प्रत कपाटात असते. मी ती काढली आणि खिडकीकडे पाठ करून वाचली. आधी शब्द, मग उच्चार, मग पहिला अर्थ: वापरून वापरून रया गेलेला, जुनाट, विटका. खाली इंग्रजी वाक्य आणि त्याचं आपल्या भाषेतलं रूप: ‘भावाच्या कोटाची इतकी रया गेली होती की तिनं कॅमेरा त्याच्याच हातात दिला, म्हणजे तो फोटोत येणार नाही.’ हातानं लिहिलेल्यापेक्षा छापलेलं दुष्ट दिसतं. कार्डावर माझं सव्विसाव्या वर्षीचं अक्षर होतं, त्यात निदान घाई तरी दिसली असती. इथे नुसतं काळ्यावर पांढरं, म्हणजे पांढऱ्यावर काळं, माझं डोकं चालेनासं झालं होतं. मी स्वतःला सांगितलं की ही ‘ती’ कोणीही असू शकते, जगात बहिणी काय कमी आहेत आणि भाऊ काय कमी आहेत. पण बहिणीच्या लग्नात ज्याच्या हातात कॅमेरा दिला गेला असा एक भाऊ या घडीला शहराच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसून हीच पानं वाचत होता, आणि त्याच्या नजरेतून आजवर कानामात्रासुद्धा सुटली नव्हती. वाक्य बदलणं अवघड नव्हतं. छपाईला दोन महिने अवकाश आहे, मी खोडरबरला काहीतरी सांगून ते काढू शकले असते, जगातल्या सगळ्या वाचकांपासून ते लपवू शकले असते. प्रश्न फक्त दोन डोळ्यांचा होता.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. पाणीपुरवठा खात्यात तो नकाशे काढायचा: जमिनीखालच्या नळांचे, गटारांचे, झडपांचे, टाक्यांचे. मग खात्यात कॉम्प्युटर आले आणि हातानं रेघ ओढणाऱ्यांना मुदतीआधीच घरी पाठवलं. चोपन्नाव्या वर्षी तो घरी बसला आणि चार महिने नुसता पेन्सिलींना टोकं काढत राहिला. तेव्हा आम्हाला बाहेरचे वाचक हवे होते, मुद्रितं तपासायला. मी त्याचं नाव सुचवलं. पहिला गठ्ठा परत आला तेव्हा खोडरबरनं पानं चाळून ‘हा माणूस कोण?’ असं जवळजवळ भीतीनं विचारलं होतं. सहा वर्षं झाली त्याला. ‘ड्रेन’ या शब्दाला दादानं पानाच्या कडेला छोटी आकृती जोडली होती आणि आमच्या व्याख्येत पाणी चढावर वाहतंय हे दाखवून दिलं होतं. शेजाऱ्यांना तो सांगतो, ‘आम्ही दोघं बहीणभाऊ डिक्शनरी करतो.’ हे वहिनीनं मला सांगितलं तेव्हा मी खूप हसले होते, कारण कचेरीच्या सातव्या मजल्यावर मी आहे आणि तो नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कार्डाचं असं झालं. आमच्याकडे एक नियम आहे, थोरल्या संपादकांनी घालून दिलेला. रचलेलं वाक्य चालत नाही. उदाहरण पाहिलेलं तरी असावं, ऐकलेलं तरी किंवा वाचलेलं तरी. कार्डाच्या मागे स्थळ, तारीख आणि या तिन्हींपैकी काय ते लिहायचं. ‘मनातल्या खुर्च्या नकोत,’ ते म्हणायचे, ‘ज्या खुर्चीवर बसलात ती लिहा.’ नोकरीच्या चाचणीला त्यांनी प्रत्येकाला एकेक शब्द दिला आणि अर्धा तास. मला आला शॅबी. लग्नाला महिना झाला होता. खोलीत नऊ जण होते, सगळे भराभर लिहीत होते, आणि माझ्या डोक्यात नियमामुळे एकही वाक्य उतरेना. दुकानाची पाटी, जिन्याची भिंत, सगळं रचलेलं वाटत होतं. मग एक गोष्ट अशी आठवली की जी मी खरोखर पाहिली होती. पाचच मिनिटं उरली होती. मी लिहिलं आणि मागे टाकलं: स्वतः पाहिलं. थोरल्यांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘याला म्हणतात उदाहरण. एक तारखेपासून या.’ बाकीच्या आठांना त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं. मी जिना उतरले ती जवळजवळ पळतच. मला लाज वाटली का? खरं सांगायचं तर त्या दिवशी नाही वाटली. लाज नंतर आली, सवडीनं.

आता माझ्याकडे ‘टी’ हे अक्षर आहे. थ्रेडबेअर माझा, टॅटर्ड माझा. झिजलेल्या वस्तूंचे शब्द करताना माझा हात चांगला चालतो, असं कचेरीत बोललं जातं. थ्रेडबेअर म्हणजे कापडाची लव गेली आणि आतले धागे दिसायला लागले. टॅटर्ड म्हणजे चिंध्या लोंबतायत. दोन्ही शब्द कापडाकडे बोट दाखवतात आणि गप्प बसतात. शॅबीचं तसं नाही. शॅबी वस्तू फाटलेली असेलच असं नाही, मळलेली असेलच असंही नाही. ती एकेकाळी बरी होती, अजून कामाला येते, वापरणाऱ्याला तिचं काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्या कोणाला तरी. कोणीतरी बाजूला उभं राहून बघत असल्याशिवाय कुठलीच गोष्ट शॅबी होत नाही, आणि म्हणून आपल्याकडचा ‘जीर्ण’ तिथे चालत नाही. जीर्ण देऊळ रानात एकटंही असू शकतं. हे सगळं मी कपाटासमोर उभी राहून, हातात पान धरून, मनातल्या मनात एखाद्या नवशिक्याला समजावून सांगत होते. भीती वाटली की मी अशीच अर्थ फोडत बसते. मग भानावर आले आणि फोनकडे गेले.

फोन वहिनीनं उचलला. ‘अगंबाई, कचेरीतून फोन? सगळं बरं आहे ना?’

‘बरं आहे. दादा काय करतोय?’

‘काय करणार? तुझा एस कवटाळून बसलेत. बोलावू?’

‘नको, नको. उठवू नकोस. फक्त विचार, कुठपर्यंत आलाय.’

तिनं फोन बाजूला ठेवला. चपलांचा आवाज लांब गेला, काहीतरी बोलणं झालं, चपलांचा आवाज परत आला. ‘सेटमध्ये आहेत म्हणे. निम्मा झालाय. म्हणतात, हा शब्द आहे की एकत्र कुटुंब? का गं, घाई आहे का तुम्हाला?’

‘नाही, सहजच,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला रडू यायचं ते हसू आलं. सेट! इंग्रजीतला सगळ्यात लांबलचक, सगळ्यात कंटाळवाणा शब्द. ठेवणे, मांडणे, मावळणे, घट्ट होणे, संच, जुळवणी, साडेचार पानं नुसते अर्थ. आम्ही सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या आणि आज तोच आडवा पडून माझ्या भावाला अडवून धरत होता. मी मोजलं. दादा तासाला तीन पानं वाचतो, दिवसाला वीस, कधी एकोणीस नाही की एकवीस नाही. निम्मा सेट म्हणजे दोन पानं अजून. पुढे सेटल, सेव्हन, सिव्हिअर, ‘सो’चं शिवणकाम, ‘स्यूएज’चं सांडपाणी, ‘सेक्स’चे स्त्रीपुरुष, मग शॅबी. एकंदर नऊ-दहा पानं. तीन तास. बसनं जायला सव्वा तास. डोकं दुखतंय असं सांगून मी निघाले, आणि हे अगदीच खोटं नव्हतं.

बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, ती मागच्या चाकावरची, जिथे गुडघे हनुवटीशी येतात. माझं घड्याळ बंद पडलेलं नव्हतं पण मी घड्याळाकडे बघितलंच नाही. मी शब्दांवर वेळ मोजत होते. पुलापाशी आलो तेव्हा सेट संपला असेल. बाजारात बस अडकली तेव्हा सेटल. ‘सेटलमेंट’ला वेळ लागणार नाही. ‘सेव्हन’, ‘सेव्हन्टीन’, ‘सेव्हन्टी’ तो एका दमात करील, आकडे त्याला आवडतात. मग सांडपाण्याची पानं. तिथे थांबेल, नक्की थांबेल. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं भुयारी गटारांच्या रेघा ओढल्या तो आमची व्याख्या अशीच सोडणार नाही, कडेला आकृती काढील, पट्टी लावील. काढ रे बाबा आकृती, मी म्हणत होते, मोठी काढ, तिन्ही बाजूंनी काढ. शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, बहुतेक ओठ हलत होते. आणि मध्येच मला वाटायचं की हे काय वेड घेतलंय, साठ वर्षांचा माणूस, एक जुनं वाक्य, वाचलं तर वाचलं. काय करील? दादा रागावत नाही. लहानपणी मी त्याची शाईची बाटली नकाशावर सांडली तेव्हाही तो रागावला नव्हता; कागद बदलला आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. मला त्याच्या रागाचं भय नव्हतंच. सरळ सांगायचं तर मला हे भय होतं की मी त्याला आवडेनाशी होईन. पंचेचाळीस वर्षं जगात एक माणूस असा होता की त्याला मी सरसकट आवडत होते, काही न करता, आणि ते मी हवेसारखं धरून चालले होते.

तो कोट तपकिरी होता. उजवी बाही डावीपेक्षा जास्त झिजलेली, कारण दिवसभर उजवं मनगट नकाशाच्या फळीच्या कडेवर घासायचं. तिथे कापडाची किनार उसवून आतली पांढरी पट्टी दिसायला लागली होती. कोपरांना चकाकी आली होती. गरिबी नव्हती, दादाला दुसरा कोट परवडला असता. त्याला तो लागलाच नव्हता. ‘खिसे धड आहेत, बटणं धड आहेत, मग कोटाचं काय बिघडलंय?’ असं त्याचं म्हणणं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात वहिनीनं त्याला नवा शिवायचा का म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्यानं तोच इस्त्री करून आणला, एवढंच. मी त्या कोटाच्या खिशात हात घालून शाळेत गेले होते. मला तो कधी जुना दिसला नव्हता. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र माझ्या सासरची माणसं होती, त्यांचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, आणि माझ्या सासूबाईंना सवय अशी की कोणी भेटलं की बोलता बोलता त्याच्या कपड्याचा कोपरा दोन बोटांत धरून चोळून बघायच्या. त्यात दुष्टपणा नव्हता, हाताला वळण पडलेलं. दादा समोरून आला, हसत, दोन्ही हात पसरून, आणि मला त्याची बाही दिसली. फक्त बाही. सासूबाई माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या, फोटोसाठी सगळे गोळा होत होते, दादाची जागा त्यांच्या शेजारी येणार होती. मी टेबलावरचा कॅमेरा उचलला आणि म्हटलं, ‘दादा, तूच काढ ना फोटो. तुझ्याइतका स्थिर हात इथे कोणाचा नाही.’ तो थबकला नाही. निदान मला तसं दिसलं नाही. ‘बरं,’ म्हणाला, आणि लगेच कामाला लागला. सासूबाईंना म्हणाला, दोन पावलं डावीकडे या, उजेड चेहऱ्यावर येऊ द्या. चाळीस फोटो काढले. एकही हललेला नाही. अल्बम उघडला की वहिनी हमखास म्हणते, ‘हे बिचारे सगळीकडे कॅमेऱ्याच्या मागे,’ आणि मी पान उलटते. शॅबीचा तिसरा अर्थही आहे, क्षुद्र वागणूक. तो बसमध्ये मला आठवला आणि मी तो हाकलून दिला. शब्दांनी माझी समजूत काढावी किंवा मला झोडपावं, दोन्ही मला त्या वेळी नको होतं. मला फक्त एक पान हवं होतं.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा माझ्या हिशेबानं तो सांडपाण्यात असणार होता. धाप लागली होती. वहिनीनं दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कुजबुजली, ‘काय गं, काही झालंय का तुमच्यात? कालपासून धड बोलत नाहीत. जेवताना भात आणि भाजी दोन्ही ताटात राहिली. मला वाटलं, पोट बिघडलं.’ मला ते ऐकू आलं पण कळलं नाही. काही वाक्यं आधी कानात जाऊन बसतात आणि नंतर उघडतात. मी आत गेले. दादा खिडकीपाशी टेबलाला बसला होता, ओळीखाली लाकडी पट्टी धरून, कानावर पेन्सिल. डावीकडे वाचलेल्या पानांचा गठ्ठा, उजवीकडे राहिलेल्यांचा. ‘ये ठमे,’ तो म्हणाला. मला ठमी म्हणणारा आता तोच एक उरलाय. ‘बस. एवढी ओळ होऊ दे.’

मी बसले नाही. ‘दादा, गडबड झालीय जरा. काही पानं चुकीची छापली गेलीत. परत न्यायला सांगितलंय.’

‘कुठली?’

‘सेटच्या पुढची. पंधराएक.’

तो उजवीकडच्या गठ्ठ्याकडे हात करून म्हणाला, ‘बघ.’ मी पानं उचलली आणि चाळायला लागले. सेटचा पहिला भाग. त्याखाली सर्व्हिस. त्याखाली सिरियस, सिरीज. मला वाटलं, माझे डोळे फिरलेत. सेपरेट, सेन्टेन्स, आणि सगळ्यात तळाशी सेन्स. शॅबी नव्हता. ‘पानं उलटी लागलीत,’ मी म्हटलं.

‘उलटी नाहीत. मी असाच वाचतो. शेवटून.’ दादानं पट्टी एक ओळ वर सरकवली. खाली नव्हे, वर. ‘पहिल्यापासून वाचलं की डोळे पुढचं आपलं आपणच वाचून टाकतात, चूक दिसत नाही. नळाचा नकाशासुद्धा मी तोटीपासून टाकीकडे तपासायचो. तुला माहीत नव्हतं?’

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्याला गठ्ठे पाठवत होते, आलेले गठ्ठे उघडत होते, त्याचा वेग तासाच्या हिशेबानं मला पाठ होता, पण तो काम करत असताना मी एकदाही त्याच्या शेजारी बसले नव्हते. बसमधले माझे सगळे शब्द, सेटल आणि सेव्हन आणि सांडपाणी, मी चुकीच्या दिशेनं मोजत आले होते. तो त्या बाजूनं येऊन गेला होता. शार्पपासून सुरुवात केली असणार, सोमवारी आठ पानं, मंगळवारी वीस.

‘काल संध्याकाळी वाचलं,’ दादा म्हणाला. ‘एक स्वल्पविराम जास्तीचा होता, तो काढलाय.’

स्वयंपाकघरात वहिनी नळ सोडून काहीतरी धूत होती. मी पानं टेबलावर ठेवली, ती नीट जुळवली, पुन्हा जुळवली. खुर्ची ओढून बसले. ‘दादा,’ मी म्हटलं.

‘फोटोचं मला तेव्हाच कळलं होतं,’ तो म्हणाला. ‘तू कॅमेरा पुढे केलास तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हतीस. बाहीकडे बघत होतीस.’

‘मग घेतलास कशाला?’

‘तुझं लग्न होतं. सव्वीस वर्षांची पोर, सासरची माणसं भोवती, वाटलं तुला तसं. वाटतं माणसाला. मी म्हटलं, आपल्याला काय, उभंच राहायचंय, इथे नाही तर तिथे. तुझ्या वहिनीलासुद्धा बोललो नाही कधी.’ त्यानं कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. ‘हे कार्ड कधीचं?’

इथे मला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या कोणाचं तरी आहे, असं म्हणता आलं असतं. जगात बहिणी काय कमी आहेत. तो कदाचित मान हलवून गप्प बसला असता आणि मी मोकळी झाले असते. पण त्याचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी इतक्या जवळून बघत होते, आणि माझी सबब माझी मलाच ऐकवेना. ‘चाचणीचं,’ मी म्हटलं. ‘लग्नानंतर महिन्यानं. त्यांनी मला हाच शब्द दिला होता. पाहिलेलंच लिहायचं असा नियम आहे. मला दुसरं काही आठवलं नाही. ते त्यांना फार आवडलं. त्याच्यावरच घेतलं मला.’

‘त्याच्यावर?’

‘हो.’

दादानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. ‘तू घरी आलीस त्या दिवशी,’ तो म्हणाला, ‘जिन्यातूनच ओरडत. दादा, मिळाली, तुझ्यामुळे मिळाली, म्हणालीस. माझ्या गळ्यात पडलीस. मी आठ दिवस ऑफिसात सांगत होतो. लोक विचारायचे, तुम्ही काय केलंत हो? मी म्हणायचो, काही नाही, लहानपणी इंग्रजी घ्यायचो तिचं, म्हणून म्हणते वेडी.’

मला जिन्यातलं ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मी तसं म्हणाले असणार, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. खरं होतं ना ते.

‘फोटो घरातली गोष्ट होती,’ दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट तो नेहमीपेक्षा सावकाश बोलत होता, पट्टी लावून रेघ ओढावी तसा. ‘घरातली घरात जिरली होती. ही तू बाहेर नेऊन मांडलीस. नऊ माणसांत बसून. आणि वाक्य चांगलं झालंय. वाईट झालं असतं तर मला एवढं वाटलं नसतं.’

‘मी काढून टाकते ते. आजच. छपाईला अजून वेळ आहे.’

‘काढू नकोस. त्या शब्दाला तेच बसतं. पाहिलेलं आहे, नियमात आहे. मी साक्षीदार आहे.’ तो किंचित हसल्यासारखा झाला, आणि मला ते हसू बघवेना.

‘दादा, माझं चुकलं,’ मी म्हटलं. मी त्याच्या हाताला हात लावला. त्यानं तो मागे घेतला नाही. आमच्या घरात असं कोणी म्हणालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. जाऊ दे गं, असू दे, झालं गेलं, एवढी काय मनाला लावून घेतेस. ते वाक्य मी त्याच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय, शाईच्या बाटलीपासून. मी त्याची वाट बघत होते. इतकी की मला ते जवळजवळ ऐकूही आलं.

‘हो,’ दादा म्हणाला. ‘चुकलं.’

मग त्यानं पेन्सिल उचलली. ‘हाती घेतलेला गठ्ठा अर्धवट टाकायचा नाही. उरलेली पानं शुक्रवारी दुपारपर्यंत होतील, गाडी पाठव.’ आणि पट्टी ओळीखाली लावून तो वाचायला लागला. मी उठले नाही. पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसून बघत होते: ओळ संपली की पट्टी वर सरकायची, पेन्सिलीचं टोक अक्षराअक्षरावरून चालायचं, कुठे थांबायचं, कडेला बारीक खूण करायचं, पुन्हा चालायचं. सदऱ्याची बाही मनगटाशी दुमडून ठेवलेली. वहिनी येऊन चहाचे दोन कप ठेवून गेली. एक पान झालं. दुसरं झालं. माझा कप मी संपवला, त्याचा तसाच निवत गेला. मला वाटायला लागलं की कदाचित असंच चालू राहील, तो वाचील, मी गठ्ठे पाठवीन, त्यात सगळं हळूहळू मुरून जाईल, माणसं अशीच तर राहतात.

निघताना दारात मी वळले. एसचे पुढचे गठ्ठे दुसऱ्या वाचकांना वाटून दिलेले होते, ते त्यालाही ठाऊक होतं. ‘मग यानंतरचा गठ्ठा सोमवारी पाठवू ना?’ मी शक्य तितक्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

‘यानंतर टी ना?’

‘हो.’

‘टी तूच केलायस.’

‘हो.’

दादानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या.

‘मग नको,’ तो म्हणाला.